राम, लाभ, दोन

यमुनाबाईंचं नाव आधी घेतो, वहिनी. तुझं नंतर. तू असतीस तर याचं तुला हसूच आलं असतं. जिनं इतकी वर्षं कुडापलीकडून तुला 'मास्तरीण' म्हणून चिडवलं, तिचं नाव तुझ्या आधी लिहायची वेळ माझ्यावर आली आहे. आपल्या शेजारच्या यमुनाबाई. त्या नसत्या तर तुझी चंद्री आज शाळा सोडून घरी बसली असती, आणि मी इथे खडगपूरच्या मालधक्क्यावर पोती मोजता मोजता दिवसभर तोच घोर लावून घेत राहिलो असतो. काय झालं ते सांगतो. तुझ्यामागे झालं, म्हणून सांगणं माझ्याकडे आलं.

मी गावी पोचलो तेव्हा तुझं सगळं आटोपलं होतं. ताप किती होता, आमगावचा डॉक्टर कधी आला, कोणी काय काढा दिला, हे जो तो मला सांगत होता. मी ऐकून घेतलं. त्यातलं इथे काही लिहीत नाही. तो ताप शेवटच्या काही दिवसांचा. त्याच्याआधी तू दहा-अकरा वर्षं आमच्या घरात होतीस, ते मला जास्त माहीत आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू बाघ नदीपलीकडून, बालाघाटकडून, लग्न होऊन आलीस. मी नऊ वर्षांचा होतो आणि माझी शाळा नुकतीच संपली होती. आपल्या गावची शाळा तेव्हा तिसरीपर्यंतच. चौथीसाठी नाला ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागे, आणि बाबांना बैलांमागे कोणीतरी हवं होतं. मला शाळा सुटल्याचं दुःख झालं नव्हतं. मोकळंच वाटलं होतं. दुःख झालं ते तुला. नवी सून घरात येऊन पंधरवडाही झाला नसेल, तू सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर नीट करत विचारलंस, "या घरात चौथी कोनीच नाई केली का जी?"

बाबा म्हणाले, "कायले लागते चौथी? बैलाले का वाचून दाखवाचं हाय?"

संध्याकाळी मला चुलीपाशी बोलावलंस. "बाबू, बस इथं. मी हाव ना चौथी. माह्यासमोर बसला का तुही चौथीची शाळा झाली."

पण तुझी चौथी हिंदी शाळेतली. तू 'दो एकम दो' म्हणायचीस, मी 'बे एके बे'. तुझं 'सवैया', माझी 'सव्वाकी'. तुझं 'ढैया', माझी 'अडीचकी'. पहिले काही दिवस आपण शिकण्यापेक्षा भांडलोच जास्त. मला वाटायचं, तुझे पाढे वेगळे म्हणजे उत्तरंही वेगळी येणार, आणि चुकून तुझं उत्तर मी कुठे सांगितलं तर लोक हसतील. ही भीती मी एकदा बोलून दाखवली, तर तू फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिलीस.

"काय रे बाबू, नदी वलांडली मणून चार पंचे वीस बदलते का?"

त्या एका वाक्यानं माझी भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. भीती माझी कशानंच जात नाही, हे तुला माहीत होतं. पण त्या दिवसापासून मी तुझं उत्तर आणि माझं उत्तर शेजारी ठेवून पाहू लागलो, आणि ती दोन्ही सारखी निघाली की मला आत कुठेतरी बरं वाटायचं. अजूनही वाटतं.

गुणाकार तू मला भिंतीवर शिकवलास. मागच्या भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या असायच्या. तू मुद्दाम ओळी सरळ लावायचीस, वरखाली तेवढ्याच, आडव्या तेवढ्याच. "मोजू नको. वरची वळ पाह्य, बाजूची वळ पाह्य अना सांग." कधी मधल्याच दोन-तीन काढून ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आता सांग." मी एक-एक मोजायला बोट उचललं की बोटावर चापट बसे. यमुनाबाई कुडावरून डोकावायच्या.

"काय वं मास्तरीण, आज शेणाची शाळा हाय का?"

"तुमी बी या ना, मोठी माय. फी नाई लागत."

"माहं डोस्कं वीसच्या पुढं जातच नाई बाप्पा. वीस झाले का पदराले गाठ माराव, मंग गाठी मोजाव. झालं."

"मंग ते का गणित नाई होय?"

"आता गाठीले बी गणित म्हणशीन तू! म्हणूनच तुह्या घरचा भात करपते." आणि त्या हसत निघून जायच्या. भात खरंच करपायचा. बाबा न बोलता खायचे. हे मी विसरलेलो नाही.

चौथी पास झालेल्या पोराला काय यायला पाहिजे, याबद्दल तुझी मतं पक्की होती, आणि ती शाळेच्या पुस्तकाशी फारशी जुळत नव्हती. पाढे पाठ पाहिजेत, यात वाद नव्हता. तू झोपेतून उठवून विचारायचीस. पण तुझ्या मते पाढे म्हणजे नुसती विळ्याची मूठ, पातं पुढे असतं. मोठी संख्या वाचता आली पाहिजे आणि मधल्या शून्याला घाबरता कामा नये. वजाबाकी केली की बेरीज करून परत जागेवर येता आलं पाहिजे. "गेलं तसं परतता नाई आलं तं ते जाणं का कामाचं?" असं म्हणायचीस. पाव, निम्मं, पाऊण डोळ्यांना दिसलं पाहिजे, नुसतं तोंडाला येऊन भागत नाही. आणि भागाकार. भागाकारात तुझा जीव होता.

आंब्यांच्या दिवसात तू टोपलीतले आंबे माझ्यापुढे ठेवून घरच्या माणसांत वाटायला सांगायचीस. मी भाग पाडायचो, दोन-एक आंबे उरायचे. मी म्हणायचो, "बाकी दोन." तू म्हणायचीस, "बाकी दोन हे मले बी दिसून राहिलं. त्याचं का करशीन?" मी म्हणायचो, हे गणितात नाही. "गणितात नाई मणून घरात बी नाई का? बाकी उरते तवाच तं भांडन होते." मग कोणाला द्यायचे, कापायचे की उद्याला ठेवायचे, हे मी ठरवायचं आणि का ते सांगायचं. एकदा मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, ज्यानं भागाकार केला त्याला बाकी मिळावी. तू लगेच हो म्हणालीस, आंबे कापलेस, फोडी सगळ्यांना वाटल्यास आणि माझ्या हातावर दोन कोयी ठेवल्यास. घरातले सगळे हसले. दादाही. तो फारसा हसत नाही.

आणि सगळ्याच्या आधी, अंदाज. कुठलीही गोष्ट मोजण्याआधी ती किती असेल हे तू सांगायला लावायचीस. चुकलं तरी चालेल, पण सांगितल्याशिवाय मोजायचं नाही. खळ्यावर धानाची रास पडली की तू विचारायचीस, "किती खंडी वाटते?" दादा चिडायचा, "पाच मिनिटात मोजून होईन, कायले त्याले तरास देतं?" तुझं म्हणणं असं की जो आधी बोलला नाही त्याला मोजताना चूक झाली तरी कळणार नाही, कारण त्याच्याजवळ भांडायला काही नाही.

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. ते मला मागच्या दिवाळीत कळलं, तू चंद्रीची गोष्ट सांगितलीस तेव्हा. ती गोष्ट मी इथे लिहून ठेवतो. तू सांगताना दोनदा पदर तोंडाला लावून हसलीस, तसं मला लिहिता येणार नाही.

आता आपल्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत वर्ग आहेत आणि चंद्री चौथीत आहे. पावसाळ्याच्या शेवटी शाळा तपासायला साहेब आले. मुलांना प्रत्यक्ष मोजमाप येतं का पाहू म्हणाले. मास्तरांनी घरून टोपलीभर तांदूळ आणि एक पायली मागवली. साहेबांनी चंद्रीला उभं केलं. ती वर्गातली हुशार मुलगी, म्हणून मास्तर निर्धास्त.

आपल्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. तुमच्या बालाघाटकडे त्याच पहिल्या मापाला 'राम' म्हणतात, मग दो, तीन. चंद्रीनं लहानपणापासून दोन्ही ऐकलेलं, खळ्यावर बापाच्या तोंडून लाभ आणि घरात तुझ्या तोंडून राम. एवढ्या मोठ्या साहेबांपुढे मोजायचं, तर कोणालाच वगळायला नको असं तिला वाटलं. तिनं पहिली पायली ओतली आणि म्हणाली 'राम'. दुसरी ओतली, 'लाभ'. तिसरी ओतली, 'दोन'. टोपली रिकामी झाली तेव्हा चंद्रीच्या तोंडी सात होते आणि चटईवर आठ पायल्या तांदूळ होता.

दुसऱ्या मुलीनं मोजले, आठ भरले. साहेबांनी विचारलं, बरोबर कोण? मास्तरांचा चेहरा उतरला. चंद्री मात्र हात जोडून म्हणाली, "साहेब, मी कोनालेच नाई सोडलं." साहेबांना काही कळेना. वर्गातल्या पोरांना मात्र कळलं आणि एकच हशा पिकला.

घरी आल्यावर ती रडली. तू रागावली नाहीस. तू तिला एकच विचारलंस.

"मोजाच्या पयले टोपलं पाहून किती वाटलं होतं?"

"आठ."

"मंग सात आले तवा गप काऊन राहिलीस?"

"मोजलं ना वं माय. मोजलं ते खरं रायते."

"मोजनं बी चुकते, डोळा बी चुकते. दोघाइचं भांडन झालं का दोघाइले पुन्हा बसवाव. एकाचंच आयकून उठू नये."

दादाचं म्हणणं पडलं की पोरीनं आपल्या घरचं लाभ म्हणावं, म्हणजे भानगड नाही. तू म्हणालीस, "राम म्हणलं तं धान कमी होते का?" बराच वेळ हे चाललं म्हणतात. शेवटी तूच तोड काढलीस. पहिली पायली ओतताना दोन्ही नावं एकाच दमात घ्यायची, 'राम-लाभ', आणि पुढे दोन. चंद्री आता तसंच मोजते.

इथली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. आमच्या खानावळीत आंध्राकडचे लोक आहेत. त्यांचा म्हातारा स्वयंपाकी तांदूळ मोजताना पहिल्या मापाला 'लाभम्' म्हणतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला तांब्या तसाच धरून उभा राहिलो. त्याची भाषा मला कळत नाही, माझी त्याला नाही, आणि पहिल्या मापाला आम्ही दोघं एकच शब्द म्हणतो. हे तुला सांगेन असं मी ठरवलं होतं. दिवाळीत घाईत राहून गेलं. मग वाटलं, होळीला सांगू.

दुसरीही एक गोष्ट कधी सांगितली नाही. मला हे काम कसं मिळालं ते. धक्क्यावर पोत्यांची थप्पी लागली होती आणि कामावर घेणाऱ्यानं आम्हा चार-पाच जणांना विचारलं, यात पोती किती? बाकीचे मोजू लागले. मी भिंतीवरच्या गोवऱ्या पाहतो तशी ती थप्पी पाहिली, वरची ओळ, बाजूची ओळ, मागे किती खोल. भीतभीत आकडा सांगितला, आणि सांगितल्यावर पुन्हा मोजून पाहिला. आकड्यापेक्षा ते पुन्हा मोजणं त्या माणसाला आवडलं असावं. त्यानं मला ठेवून घेतलं. घरी येऊन मी एवढंच म्हणालो, "लागलो." तू 'कसा' ते विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, आणि रीत नसली की माणसाला सोपं जातं.

आपला एक वाद अर्धवट राहिला आहे. तोही इथे मांडून ठेवतो.

दिवाळीत मी म्हणालो होतो, आता आणे गेले, नवी मापं येत आहेत, सगळं दहाच्या हिशेबात होणार. मग पावकी, निमकी, औटकी, हे पावाचे, निम्म्याचे, साडेतीनाचे पाढे पाठ करण्यात पोरांची वर्षं कशाला घालवायची? चौथीपर्यंत पोरांना दशांश नीट यावेत, तेवढं पुरे. तू चुलीवरून तांदळाची भाकर उतरवलीस आणि माझ्या ताटात टाकलीस.

"हे दहात मोडून दाखव."

मी खरंच मोडू लागलो. अर्धी झाली, मग अर्ध्याचे पाच करायचे तर काही जमेना, एक तुकडा मोठा, एक बारीक, शेवटी चंद्रीच्या वाट्याला चुरा आला. ती म्हणाली, "काका, मी दशांश खाऊन राहिलो का?" तू हसलीस. मला राग आला. मी म्हणालो, "शाळा भाकर मोडायसाठी नसते."

"मंग कायसाठी रायते?"

"मालधक्क्यासाठी," मी म्हणालो. "मी जिथं काम करतो तिथं पाव-निम्मं कोणी विचारत नाही."

तवा उतरवलास. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "त्या गोष्टीचं उत्तर हाय माह्यापाशी. होळीले आलास का सांगीन."

होळी अजून यायची आहे. मी त्या उत्तराचा अंदाज बांधत असतो. इथल्या बाजारात नवी वजनं दिसू लागली आहेत, आणि परवा मी ऐकलं, एक बाई दुकानदाराला म्हणत होती, नव्या वजनाचं पाव द्या. लोकांनी दहाचं मापसुद्धा निम्म्या-पावात मोडून घेतलं आहे. हे पाहून वाटलं, तुझंच खरं. पण लिहायला बसलं की दहाचं सोपं जातं, चुका कमी होतात, हेही मी रोज पाहतो. म्हणजे माझंही खरं. तुझं उत्तर असंच काही होतं, की मला सुचणारच नाही असं दुसरंच काही, ते आता कळायचा मार्ग नाही. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. जुळतात की नाही ते मला ठरवता येत नाही.

आता तेरवीनंतरचं.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ओसरीवर बसला होता. तुझा लहाना, चंद्रीचा भाऊ, रांगत रांगत उंबऱ्याशी यायचा आणि चंद्री त्याला उचलून आत न्यायची. असं तीनदा-चारदा झालं. दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पोट्टीचं नाव काढून टाकतो शाळेतून. मास्तरले सांगाले तूच जाय."

मी म्हणालो, "परीक्षा उन्हाळ्यात आहे. थोडेच महिने राहिले."

"अना लाखोरी कोन काढनार? मी वावरात जाऊ का लेकराले पाहू? सांग. तू तं परवा गाडीत बसून जाशीन."

तो खोटं बोलत नव्हता. वावरातली लाखोरीची डाळ काढणीला आली होती. दादा वाईट माणूस नाही, हे तुला मी सांगायची गरज नाही. त्याचे डोळे लाल होते. रात्री झोपला नव्हता, लहाना रडत होता. मी काही बोलणार तेवढ्यात चंद्री आतून म्हणाली, "काका, राहू दे ना. अपूर्णांकच राहिले फक्त. ते घरी बी होतीन."

दादानं तोच धागा धरला. "हे पाह्य. पोट्टीले समजते. तू तरी कोठी गेला होता चौथीच्या शाळेत? घरीच शिकला ना, चुलीपुढं? तरी लागलास का नाई नोकरीले? मंग इलेच कायले शाळा लागते?"

वहिनी, मला वाटतं आजपर्यंत मला कोणी इतकं अवघड विचारलं नाही. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. मी चुलीपुढेच शिकलो. तो तुझंच उदाहरण देऊन तुझ्या मुलीची शाळा बंद करत होता. दादापुढे बोलायची मला सवय नाही. तो माझ्याहून मोठा, आणि बाबांच्या मागे त्यानंच सगळं सांभाळलं. तरी माझ्या तोंडून एकदम निघून गेलं.

"मला शिकवायला वहिनी होती, दादा. हिला कोण आहे?"

लहाना पुन्हा उंबऱ्याकडे निघाला. जे बोललो तेच जास्त झालं असं वाटत होतं. तुझं नाव घेऊन मी भावाला दुखवलं होतं, आणि त्यानं लाखोरीचा प्रश्न सुटला नव्हता.

कुडापलीकडून आवाज आला. "मी हाव ना वं."

यमुनाबाई फाटक लोटून आत आल्या. सकाळपासून त्या सगळं ऐकत असाव्यात. कुडाच्या त्या बाजूला त्यांना नेहमी काहीतरी काम असतंच. त्यांनी कोणाकडे न पाहता लहान्याला उंबऱ्यावरून उचललं आणि खांद्यावर टाकलं.

"हे लेकरू दिवसा माह्यापाशी राहीन. सकाळी आनून देजा, सांजी घेऊन जाजा. अना तू वं चंद्रे, जाय. पाटी घे अना निंघ."

दादा म्हणाला, "मोठी माय, रोजचं हाय हे. एका दिसाचं नाई. तुमच्यानं होईन का?"

"मले कायले विचारतं? तुही बायको रोज कुडाजवळ पाढे म्हणे. एवढे वर्ष माहे कान किटवले तिनं. मले आता औटकी बी येते, आयक, पाहिजे तं म्हणून दाखवतो. आता पोट्टी नापास झाली तं माहा येवढा तरास फुकटच गेला ना? मी तिले वर जाऊन का सांगू?"

त्या लगेच लहान्याचं नाक पुसू लागल्या. पुसण्यासारखं काही नव्हतं.

दादानं मान खाली घातली. मग चंद्रीला म्हणाला, "जाय." एवढंच. चंद्री आत गेली. पाटी घेऊन येईल असं मला वाटलं. ती आधी लहान्याची दुपटी, दुधाची वाटी, काळी तीट, सगळं फडक्यात बांधून घेऊन आली आणि यमुनाबाईंच्या हातात दिलं. दुधाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. मग पाटी घेतली. फाटकातून बाहेर पडताना ती एकदा थांबली. मला वाटलं वळून पाहील. पण ती चपलेत गेलेला खडा काढून पुढे गेली.

त्या दिवशी मास्तरांकडे मी गेलोच, पण नाव काढायला नाही. अपूर्णांक किती राहिलेत ते विचारायला गेलो. मास्तर म्हणाले, मुलीला पाव-निम्मं-पाऊण छान दिसतं, आता लिहायला शिकवायचं आहे तेवढं. संध्याकाळी मी चंद्रीला तेवढं लिहायला दाखवलं, वर काय, रेघेखाली काय. दशांशही दाखवले. तिनं दोन्ही लिहून घेतले. तुझी बाजू मी माझ्या तोंडानं सांगितली, आणि ती मला जमली की नाही ठाऊक नाही. तू असतीस तर बोटावर चापट मारली असतीस.

ती पास होईल का, हे मला माहीत नाही. उन्हाळ्यापर्यंत लहाना आजारी पडू शकतो, यमुनाबाईंची तब्येत बिघडू शकते, दादाचं मन पुन्हा फिरू शकतं. हे सगळं मी रोज धरून चालतो. माझा स्वभावच तसा. पण आजच्या दिवशी, या घटकेला, ती शाळेत आहे.

निघायच्या सकाळी मी यमुनाबाईंकडे गेलो. लहाना त्यांच्या अंगणात कोंबडीमागे रांगत होता. मी पायाला हात लावला. आणि म्हणालो, "मोठी माय, हे मी कसं फेडीन?"

"तू का फेडशीन! तुलेच पयले दोन घास नीट खात जाय. हाडं दिसून राहिले." मग त्यांनी विचारलं, "बाबू, तुह्या त्या खडगपूरवरून पुरी जवळ हाय म्हणते ना? जगन्नाथाची?"

"जवळ आहे. तिथूनच गाडी जाते."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि कोंबडी हाकलायला गेल्या. पुढे काही मागितलं नाही.

आमगावला गाडीत बसलो तेव्हापासून माझं ठरलं आहे, वहिनी. तुला सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं धाडस अजून नाही. लहाना चालू लागेल, चंद्री मोठी होईल, आणि यमुनाबाईंचे हात एकदाचे मोकळे होतील. तेव्हा मी रजा काढून गावी येईन, त्यांना गाडीत खिडकीजवळ बसवीन आणि पुरीला घेऊन जाईन. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. मीही अजून पाहिलेला नाही. त्यांच्याआधी मी तो पाहणार नाही.